तिपाईची परीक्षा

तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेले पातेले डगमगत नाही. चार पायांचे टेबल मात्र घरात कोठेही मांडले तरी एका पायाखाली कागदाची घडी मागते. याचे कारण भूमितीत आहे. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच. चौथा त्या प्रतलात येईलच असे नाही. म्हणून कॅमेऱ्याला ज्या कोणी प्रथम तीन पाय दिले, त्याने जमिनीच्या उंचसखलपणाचा प्रश्न एकदाच मिटवून टाकला. परंतु याच गुणामुळे एक गैरसमजही रूढ झाला आहे. तिपाई, म्हणजे बाजारात जिला सरसकट ट्रायपॉड किंवा नुसते स्टँड म्हणतात ती, डगमगत नाही. तेव्हा ती स्थिर आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक डगमगणे वेगळे आणि कापणे वेगळे. डगमगणारी वस्तू डोळ्यांना दिसते. कापणारी तिपाई डोळ्यांना अगदी निश्चल भासते, आणि घरी येऊन चित्र मोठे करून पाहिले म्हणजे कळते की फोटो हलला आहे.

किती कंप झाला असता चित्र बिघडते, याचा हिशेब मांडला तर मनुष्य थक्क होतो. पूर्वी जेथे रसायन लावलेली काच किंवा फिल्म असे, तेथे आजच्या कॅमेऱ्यात प्रकाशग्राही बिंदूंची जाळी असते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. पुष्कळशा कॅमेऱ्यांत असा एक बिंदू मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाएवढा असतो. अशा कॅमेऱ्यास ३०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर ७५ मीटर अंतरावरील वस्तूचा एक मिलिमीटर भाग एका बिंदूवर पडतो. आता हिशेब उलटा करून पाहा. वीतभर लांबीच्या त्या भिंगाचे पुढचे टोक मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाइतके खाली झुकले, तरी चित्र एका बिंदूने सरकले. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी घ्या व तिचे वीस भाग करा. त्यांतील एका भागाएवढी ही हालचाल आहे. ती डोळ्याने दिसणार नाही, हाताला कळणार नाही, आणि दुकानात तिपाईची मुंडी धरून हलवून पाहिल्याने तर मुळीच समजणार नाही. साध्या रुंद दृश्याच्या भिंगाला एवढी कडक शिस्त लागत नाही; भिंग जितके दूरचे जवळ आणणारे, तितकी तिपाईची परीक्षा कठीण.

तिपाई विकत घेताना आपणांस सहसा एक आकडा ऐकविला जातो : ही आठ किलो वजन पेलते, ती बारा किलो पेलते. या आकड्यावर भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन पेलणे म्हणजे मोडून न पडणे. हे वजन कसे मोजावे याचा सर्व कारखानदारांना बांधून घेणारा असा एक नियम नाही. जो तो आपल्या रीतीने मोजतो व छापतो. शिवाय आपला कॅमेरा भिंगासह दोन किलोंचाही नसतो. प्रश्न तिपाई मोडेल की काय हा नसून, ती किती ताठ आहे आणि एकदा हादरली म्हणजे किती लवकर शांत होते, हा आहे.

ताठपणा येतो तो मुख्यतः नळ्यांच्या जाडीवरून. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर ती नळी वाकण्यास आठपट विरोध करते. म्हणून चार-पाच तुकड्यांची, बंद केली असता पिशवीत मावणारी तिपाई प्रवासास कितीही सोयीची असली, तरी तिचा शेवटचा तुकडा पेन्सिलीएवढा असेल तर सारे ओझे त्या पेन्सिलीवर उभे असते. उंची कमी चालत असेल तेव्हा वरचे जाड तुकडे आधी उघडावेत आणि शेवटचे बारीक तुकडे आत ठेवावेत. मधल्या दांड्याचा न्याय याहून कडक आहे. हा दांडा वर काढला म्हणजे तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखे होते. तो दुप्पट उंच केला तर त्याच धक्क्याने त्याचे टोक आठपट झुकते. उंचीची हौस भागविण्यासाठी हा दांडा पूर्ण वर काढून ठेवलेली तिपाई मी पाहतो, तेव्हा तिच्या तीन पायांवर खर्च झालेल्या पैशांची मला हळहळ वाटते.

लाकडाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि १८५४ साली ती पुढे कल्याणपर्यंत गेली. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होत. त्या पिढीचे कॅमेरे पेटीएवढे असत व चित्रास कित्येक सेकंद प्रकाश द्यावा लागे. त्यांच्या तिपाया लाकडी होत्या. लाकूड अॅल्युमिनियमप्रमाणे घुमत नाही. धक्का बसला तर तो पोटात घेते. दुर्बिणी वापरणारे काही लोक आजही लाकडी तिपाई पसंत करतात, ती हौसेखातर नव्हे. कार्बनच्या धाग्यांची तिपाई हलकी असून ताठ असते व कंपही बऱ्यापैकी शोषते, परंतु तिची किंमत प्रत्येकाच्या खिशास मानवेल अशी नाही. अॅल्युमिनियमची जाड पायांची, थोडी जड तिपाई बहुतेकांस पुरते.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. यासाठी प्रयोगशाळा नको. आपली गच्ची पुरे. तिपाई नेहमीच्या उंचीवर मांडावी, तिच्यावर आपले सर्वांत लांब भिंग लावावे, आणि निदान शंभर मीटरवरील एखादी बारीक वस्तू रोखावी. पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी किंवा एखाद्या दुकानाच्या पाटीवरील अक्षरे चालतील. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ती प्रतिमा होईल तितकी मोठी करावी. मग भिंगाच्या टोकावर बोटाने हलकीच टिचकी मारावी व मनात सेकंद मोजावेत. पडद्यावरील अक्षरे थरथरतील. ती थरथर पूर्ण थांबेपर्यंत किती वेळ गेला, ते टिपून ठेवावे. एका सेकंदात प्रतिमा शांत झाली तर तिपाई उत्तम समजावी. चार-पाच सेकंद लागले तर कोठे तरी काही तरी सैल किंवा बारीक आहे. टिचकी एकदा वरून मारावी आणि एकदा बाजूने. बाजूची टिचकी तिपाईस पीळ देते, आणि बहुतेक तिपाया वाकण्यापेक्षा पिळण्यात दुबळ्या असतात. दुकानातही ही परीक्षा करता येते. फक्त आपला कॅमेरा व आपले भिंग बरोबर न्यावे. दुकानदार चांगला असेल तर नाही म्हणणार नाही.

थरथर सापडली की दोष लगेच तिपाईच्या माथी मारू नये. जमीन, पाय, दांडा, मुंडी, कॅमेऱ्याखालची चकती, भिंगाचा गळपट्टा, अशी ही एक साखळी असते आणि तिचा ताठपणा तिच्यातील सर्वांत लेच्यापेच्या कडीएवढाच असतो. एकेक कडी काढून पुन्हा टिचकी मारीत गेले म्हणजे चोर सापडतो. पुष्कळदा असे दिसते की पाय निर्दोष आहेत, आणि भिंगाच्या गळपट्ट्याचा पातळ पाय स्प्रिंगप्रमाणे नाचत आहे. किंवा चकतीवरील मऊ रबर कॅमेऱ्यास झोके देत आहे. अशा वेळी नवी तिपाई घेणे म्हणजे पायाला जखम असताना हाताला पट्टी बांधणे होय.

दुसरी परीक्षा चित्रांचीच. त्याच वस्तूची सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतलेली काही चित्रे नमुन्यादाखल घ्यावीत. एवढ्या अल्प काळात कंपास वाव मिळत नाही. नंतर साठावा भाग, तिसावा, पंधरावा, आठवा, चौथा, अर्धा आणि पूर्ण सेकंद, असे प्रत्येकी दहा-दहा फोटो काढावेत. भिंगाचे तोंड तेवढेच उघडे ठेवून केवळ काळ वाढवावा, नाही तर दोन कारणांची भेसळ होईल. प्रकाश जास्त होऊ लागल्यास संवेदनक्षमता कमी करावी किंवा काळी काच लावावी. मग प्रत्येक दहांपैकी किती चित्रे नमुन्याइतकी स्पष्ट आहेत ते मोजावे. येथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. चित्र सर्वांत जास्त बिघडते ते फार लांब काळात नव्हे, तर तिसाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या टापूत. लांब भिंग लावलेली तिपाई साधारणपणे सेकंदात पाच ते वीस-पंचवीस वेळा कापते. कळ दाबल्याचा, आतील आरसा उडाल्याचा किंवा पडदा सुटल्याचा हादरा आरंभी बसतो व लवकरच ओसरतो. दहा सेकंदांच्या चित्रात तो पहिला अर्धा सेकंद नगण्य ठरतो. आठव्या भागाच्या चित्रात सारा काळ थरथरीचाच असतो. म्हणून या टापूत कॅमेऱ्यास हात न लावता दहा सेकंदांच्या विलंबाने कळ उघडावी आणि आरसा असल्यास तो आधीच वर करून ठेवावा. भिंगात कंप आवरण्याची यंत्रणा असेल तर ती चालू व बंद अशा दोन्ही रीतींनी पारखून पाहावी. काही यंत्रणा पक्क्या आधारावर स्वतःच चित्र हलवितात.

आतापर्यंत आपण जमीन स्थिर मानली. ठाणे ते डोंबिवली-कल्याण या पट्ट्यात असे मानणे धाडसाचे होय. येथे रुळांची गर्दी आहे आणि रुळांना लागूनच घरे आहेत. गाडी गेली की जवळच्या इमारतीतील मांडणीवरची भांडी किणकिणतात, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. आपल्या पायाखालची जमीन कशी आहे ते पाहण्यास पाण्याने काठोकाठ भरलेल्या वाटीसारखे साधन नाही. वाटी तिपाईवर न ठेवता तिच्या पायांपाशी जमिनीवर ठेवावी आणि तिच्यात दूरच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. प्रतिबिंब थरथरत असेल तर दोष जमिनीचा आहे. जगातील सर्वांत महाग तिपाईही तेथे काही करू शकणार नाही. कल्याण स्थानकाबाहेरील लोखंडी स्कायवॉकवर हा प्रयोग मनात करून पाहिला तरी उत्तर मिळते. माणसांच्या पावलांनी तो पूलच लवतो. तिपाई इमानाने पुलाबरोबर लवते. गच्चीवर स्लॅबच्या मध्यभागी तिपाई मांडू नये. खालून खांब किंवा तुळई गेली असेल त्या बाजूस, कडेला मांडावी. टाकीत पाणी चढविणारा पंप चालू असेल तर तो थांबेपर्यंत वाट पाहावी. आणि आपण स्वतः तिपाईभोवती येरझाऱ्या घालू नयेत, हे वेगळे सांगण्याचे कारण असे की तो मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

खाडीकाठी प्रकार आणखी निराळा. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. हिवाळ्यात व उन्हाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात व त्यांच्यामागे लांब भिंगांचेही थवे येतात. चिखलात तिपाईचे पाय एकदम रुतत नाहीत. ते हळूहळू रुतत राहतात, आणि तेही तिन्ही सारखे नव्हेत. प्रत्येक पायाखाली एक लहान फळी दिली म्हणजे भार पसरतो. होडीत तिपाई नेणे व्यर्थ आहे. होडी डुलते, तिच्याबरोबर तिपाई डुलते; तेथे हातातला कॅमेरा व अत्यल्प काळ हाच मार्ग. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा भिंगाचे टोपण शिडाचे काम करते आणि कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा पताकेचे. पट्टा काढून ठेवावा. मधल्या दांड्याला पिशवी टांगल्याने तिपाई उलटण्याचे भय कमी होते. पण ती पिशवी वाऱ्यावर झोके घेऊ लागली तर घड्याळाच्या लंबकाप्रमाणे तिपाईस हलवीत राहते. पिशवीचा तळ जमिनीस किंचित टेकलेला असावा.

कल्याणपलीकडे अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा. दगडी फरशीइतकी निश्चल भूमी दुसरी नाही. तथापि तिच्यावर लोखंडी अणी घसरते, रबरी टोपणेच हवीत. संरक्षित स्मारकात तिपाई वापरावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते. रेल्वेच्या आवारातही परवानगीचा नियम आहे. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जी गर्दी लोटते, तेथे मात्र परवानगी मिळाली तरी तिपाई नेऊ नये. तिचे तीन पाय लोकांच्या पायांत येतात, आणि मग कंपाचा प्रश्नच उरत नाही.

कंपाखेरीज अस्थिरतेचा एक गुपचूप प्रकार आहे, तो म्हणजे सरकणे. मुंडीचा स्क्रू घट्ट आवळावा, कॅमेरा सोडावा, आणि दृश्य केसभर खाली बसावे, हा अनुभव अनेकांस आहे. कधी ते लगेच बसते, कधी अर्ध्या तासात. एखाद्याच चित्रास याने बाधा येत नाही. परंतु दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा लघुचित्रपट तयार केला, तसे काही करावयाचे असेल तर कॅमेरा आज जेथे पाहत होता तेथेच त्याने उद्याही पाहिले पाहिजे. तो रोज थोडा सरकला तर पडद्यावर रोप वाढताना दिसण्याऐवजी कुंडी उड्या मारताना दिसेल. याची परीक्षा सोपी आहे. समोरच्या भिंतीवरील एक खूण चौकटीच्या मध्यावर धरून फोटो घ्यावा, कशासही हात न लावता तासाने दुसरा घ्यावा, सकाळी तिसरा. तिन्ही चित्रांत खूण त्याच जागी असेल तर मुंडी विश्वासू आहे. कॅमेरा जितका वर किंवा खाली झुकलेला, तितकी मुंडी जास्त सरकते. म्हणून ही परीक्षा आडव्या स्थितीत करून समाधान मानू नये.

इतकी यातायात करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. पुष्कळ चित्रे पुन्हा घेता येतात. काही येत नाहीत. कल्याणचा जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरविण्यात आला. त्याचे हललेले चित्र ज्याच्यापाशी असेल, त्याला दुसरे मिळणार नाही.

आकाशातील प्रसंग पुन्हा येतात, पण आपल्या सवडीने येत नाहीत. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचे खग्रास चंद्रग्रहण ऐन भाद्रपदात आले, आणि त्या महिन्यात कोकणपट्टीत आकाशाचा भरवसा नसतो. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आहे. ते भारतातून दिसणार असून थंडीच्या दिवसांत आकाश स्वच्छ मिळण्याची आशाही अधिक. त्या रात्री तिपाईची सारी परीक्षा एकदम होईल. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने चंद्राची प्रतिमा जेमतेम पावणेतीन मिलिमीटरची पडते, म्हणून ती पुढे बरीच मोठी करावी लागते. खग्रास अवस्थेत चंद्र पौर्णिमेच्या चंद्राहून हजारो पटींनी मंद होतो. त्यास अर्धा-एक सेकंद प्रकाश द्यावा असे वाटेल. परंतु पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश एका सेकंदात सुमारे १५ विकला सरकते, म्हणजे आपल्या हिशेबातील पाच पिक्सेल. तिपाई परिपूर्ण असली तरी पूर्ण सेकंदाच्या चित्रात चंद्र फाटणारच. म्हणून संवेदनक्षमता वाढवून काळ पाचव्या-चौथ्या भागापर्यंत आणावा लागतो, आणि तो नेमका थरथरीच्या टापूत येतो.

शिवाय त्या वेळी चंद्र पूर्वेकडे, क्षितिजापासून खस्वस्तिकाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश उंचीवर असेल. कॅमेरा तेवढा तिरपा केला म्हणजे त्याचा भार मुंडीच्या एका बाजूस जातो, स्क्रू सरकू लागतो, आणि दृश्य पाहण्यासाठी आपण खाली वाकून तिपाईलाच धक्का देतो. याची तालीम आधीच्या एखाद्या पौर्णिमेस, चंद्र तितकाच वर आला असता, करून ठेवावी. ग्रहणास रात्री साडेआठनंतर आरंभ होईल. खग्रास अवस्था पावणेदहापासून अकराच्या सुमारापर्यंत राहील. लोकल गाड्या तोपर्यंत चालूच असतात. त्यातून ती वर्षअखेरीची रात्र. सोसायटीची मंडळी गच्चीवर ध्वनिक्षेपक लावून नाचण्याचा बेत करतील, आणि त्यांच्या पावलांचा हादरा स्लॅबमधून थेट भिंगात येईल. तेव्हा सेक्रेटरींशी बोलून गच्चीऐवजी इमारतीच्या मागील अंगणातली, दिव्यांपासून दूरची, पूर्वेकडील आकाश मोकळे असलेली एखादी जागा आधीच हेरून ठेवावी. तिपाई जमिनीवर उभी राहील, आणि पंपाची खोली तेथून किती अंतरावर आहे तेही पाहून घ्यावे.